भीमपलास आणि एक लाल कांदा

माणसाला रडू येणं हा मोठा गुण आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी रडू न येणं हाच गुण समजत होतो आणि त्याचा थोडा तोराही मिरवत होतो.

मी गोरक्ष आहेर. मूळचा देवळ्याचा, कांदेवाल्या घरातला. नोकरी नाशकात, पाटबंधारे खात्यात. कुठल्या धरणातून किती पाणी सुटलं त्याचे आकडे जमवायचे आणि वर कळवायचे, हे माझं काम. वीस वर्षं तेच करत आलो, त्यामुळे पाणी दिसलं की माझ्या मनात आधी आकडा येतो. त्यात माझा काय दोष?

पण दोष निघाला. एका ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीतली चार कुटुंबं मिळून गंगापूर धरण बघायला गेलो. दारं उघडलेली होती. पाणी असं कोसळत होतं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. बायका गप्प झाल्या. पोरं गप्प झाली. आमच्या वरच्या मजल्यावरचे स्वराजराव चष्मा काढून डोळे पुसायला लागले. हे गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवायचे. जन्म सत्तेचाळीसच्या ऑगस्टमधला, म्हणून आईबापांनी हौसेने नाव स्वराज ठेवलेलं. ते माझ्या कानाशी ओरडले, "आहेर, याच्यापुढे माणूस म्हणजे काहीच नाही हो!"

मी ओरडलो, "साडेपाच हजार क्युसेक! फार तर सहा!"

प्रतिभा, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे वळली आणि परत फिरली. घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आकडा बघितला, पाच हजार सातशे होता. हे मी तिला मुद्दाम सांगितलं, तर ती आणखी चिडली.

तसा मी पहिल्यापासूनच. बहीण मैना सासरी निघाली तेव्हा अख्खा मांडव रडत होता आणि मी गाडीच्या टपावरचं कपाट नीट बांधलंय का ते बघत होतो. कपाट नीट बांधलेलं नव्हतं, हेही सांगून ठेवतो. मी ते आवळून बांधलं म्हणून मैनाच्या संसारात आज ते कपाट आहे. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर गोरक्षच्या डोळ्यात टिपूस नव्हतं.

प्रतिभा देवळाली कॅम्पची. तिच्या वडिलांचं तिथल्या बाजारात लष्करी गणवेश शिवायचं दुकान होतं. कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की घरांची तावदानं थरथरतात. त्या आवाजावर मात करून ही लहानपणी कविता म्हणायची, म्हणून तिचा आवाज खणखणीत. लग्नानंतर तो आवाज अठरा वर्षं भाजीवाल्यांशी घासाघीस करण्यात गेला. मग शहाण्णव साली आमची उज्वला कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि घर रिकामं झालं. प्रतिभाने पंचवटीतल्या शुभांगीताईंकडे गाणं शिकायला सुरुवात केली. वय एकोणचाळीस. ताईंनी आपल्याकडचा जुना तानपुरा तिला वापरायला दिला. तो आमच्या बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात उभा राहिला आणि माझी आरामखुर्ची गॅलरीत गेली.

मी ऑफिसातून यायचो तेव्हा रियाज रंगात आलेला असायचा. मी चहा घेऊन बसायचो. शेवटी ती तानपुरा खाली ठेवून विचारायची, "काय वाटलं?"

"चाळीस मिनिटं झाली."

"ते नाही हो. गाणं कसं वाटलं?"

"चांगलं होतं. समोरच्या बंगल्यातलं कुत्रं एकदाही भुंकलं नाही."

मला खरंच वाटायचं की ही दाद आहे. ते कुत्रं कोणालाच सोडत नाही.

दोन वर्षं असं चाललं. अठ्ठ्याण्णव साली दिवाळीनंतर शुभांगीताईंनी आपल्या शिष्यांचा कार्यक्रम ठरवला. प्रतिभाला शेवटी बसवणार होत्या, पाऊण तास. शेवटी बसणं म्हणजे मान असतो, हे मला स्वराजरावांनी जिन्यात थांबवून समजावलं. ते रसिक मंडळाचे अध्यक्ष होते आणि मैफलीत रडण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या डाव्या डोळ्यातून एकच थेंब यायचा, तोही बरोबर समेवर. लोक गाणाऱ्याकडे कमी आणि त्या थेंबाकडे जास्त बघायचे.

त्या संध्याकाळी मी प्रतिभाला म्हणालो, "चांगलं झालं की. स्वराजराव रडणार म्हणजे कार्यक्रम पास."

ती तानपुऱ्याची तार पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, "स्वराजराव लग्नपत्रिका वाचून पण रडतात. मला त्यांचं काय करायचंय? दोन वर्षं तुमच्यासमोर रोज गातेय. तुम्ही खोटं बोलत नाही, खोटी मान हलवत नाही, हाच माझा वैताग आहे आणि त्याचाच मला भरवसा आहे. तुम्हाला एकदाही काही झालं नाही, याचा अर्थ माझ्या गाण्यातच काही नसणार. त्या दिवशी पण तुम्ही असेच दगडासारखे बसलात, तर मी हा तानपुरा ताईंना परत करून टाकणार."

"अगं, माझ्यावरून काय ठरवतेस?"

"मग कोणावरून ठरवू?" ती म्हणाली.

तिने रागावून म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ती शांतपणे म्हणाली, म्हणून मला घाम फुटला. मला गाणं कळत नव्हतं, पण दोन वर्षांत घरी आलो की कोपऱ्यात तानपुरा असतो आणि बाई खुशीत असते, एवढं कळत होतं. तो कोपरा पुन्हा रिकामा झालेला मला नको होता. तिच्यासाठी रडायचं, एवढंच तर करायचं होतं. जगात रोज लाखो माणसं फुकट रडतात.

मी स्वराजरावांना शरण गेलो. ते खूश झाले. त्यांनी मला त्यांच्या गॅलरीत बसवलं, टेप लावला आणि म्हणाले, "डोळे मिटा. आता मनात पोकळी निर्माण करा."

केली. त्याला मला वेळ लागला नाही.

"काय दिसतंय?"

"काही नाही. पोकळी आहे."

"उत्तम. आता त्या पोकळीत सूर उतरू द्या. तुम्ही नाही, मी नाही, फक्त सूर."

जाग आली तेव्हा ते माझा खांदा हलवत होते. टेप संपला होता. मोठ्या आशेने त्यांनी विचारलं, "समाधी लागली होती का?" मी हो म्हणालो. घोरत असताना समाधी लागते का, हे त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मग मी दुःखाच्या गोष्टी आठवायला लागलो. लहानपणी आमची म्हैस मेली होती, ती आठवली. पण म्हैस आठवली की ती आजारी म्हैस आम्हाला गळ्यात मारणारा बहिरू आठवायचा आणि रडण्याऐवजी त्याला शोधून काढावंसं वाटायचं. बढती हुकली ते आठवलं, त्यानेही रागच आला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मी तोंड वेडंवाकडं करून बघायचो. प्रतिभाने एकदा दारातून बघितलं आणि दात दुखतोय का विचारलं.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना एका सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. प्रतिभा कांदा चिरत होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी हातात पेला घेऊन तिथेच उभा राहिलो. इतके दिवस मी पोकळ्या काय करत बसलो होतो! कांद्याच्या घरात जन्माला आलेला माणूस मी, आणि रडायचं कसं हे मला चित्रकलेच्या मास्तरांना विचारावं लागलं.

नाशकातल्या भाजीबाजारातला मिळमिळीत कांदा मला चालणार नव्हता. त्या वर्षी कांदा इतका महाग झाला होता की लोक एकमेकांच्या घरी जाताना दोन कांदे नेत होते, पण मी भावाचा विचार करणार नव्हतो. रविवारी पहिली एसटी पकडून देवळ्याला गेलो. भाऊ समाधान शेतात होता. माय, साळूबाई, ओट्यावर नव्या लाल कांद्याचा ढीग निवडत बसली होती. माझी माय पंच्याहत्तर वर्षांची. कांदा नुसता हातात घेऊन तो कधी कुजेल ते सांगते.

"माय, सगळ्यात तिखट असा एक कांदा दे," मी म्हणालो.

"एक?" ती म्हणाली. "इतला दूरथीन एक कांदासाठे उना?"

"एकच पाहिजे. डोळ्यात पाणी आलं पाहिजे असा."

माय निवडायची थांबली. "कोनले रडावानं शे तुले?"

आता मला सांगायचं होतं की मलाच. पण पंचेचाळीस वर्षांच्या मुलाने बायकोचं गाणं ऐकून रडण्यासाठी आईकडे कांदा मागायचा, हे तोंडातून निघेना. मी म्हणालो, "आमच्या साहेबाला."

मायला ते लगेच पटलं. साहेब लोकांना रडवण्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. तिने ढिगात हात घातला, पाच-सहा कांदे वास घेऊन बाजूला टाकले आणि एक मुठीएवढा, जांभळट, घट्ट कांदा माझ्या हातात ठेवला. "हाऊ ले. हाऊ दगडले बी रडाई."

तो कांदा मी पिशवीत न टाकता खिशात घालून आणला.

कार्यक्रम पंचवटीत एका मंगल कार्यालयाच्या माडीवर होता. दुपारी तीनची वेळ. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, त्यामुळे रस्त्यावर वराती सुरू झाल्या होत्या आणि बँडचा आवाज येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या. उकडत होतं. माझ्या उजव्या बाजूला एक उभा पंखा होता. त्याची मान फिरत नव्हती, त्यामुळे तो माझ्या अंगावरून थेट पहिल्या रांगेवर वारा सोडत होता. या पंख्याकडे मी त्या वेळी लक्ष दिलं नाही. आयुष्यभर आकडे जमवणाऱ्या माणसाने वाऱ्याची दिशा बघू नये, याची मला आजही लाज वाटते.

प्रतिभाची पाळी यायच्या आधी मी जिन्यात गेलो. कांदा कठड्यावर ठेवला आणि बुक्कीने फोडला. शेतात भाकरीबरोबर आम्ही असाच फोडतो, सुरी लावत नाही. त्याची शकलं रुमालात गुंडाळली आणि पहिल्या रांगेत, स्वराजरावांच्या शेजारी, येऊन बसलो.

प्रतिभाने निळी पैठणी नेसली होती. पेटीवर स्वतः शुभांगीताई. प्रतिभाने भीमपलास सुरू केला. मी घरी शंभर वेळा ऐकलेला, त्यामुळे मला निदान एवढं कळलं की ती घाबरली आहे. आवाज घशातच अडकत होता. जरा पुढे जायची आणि परत यायची. मध्येच तिने माझ्याकडे बघितलं.

मी रुमाल डोळ्यांना लावला. खोल श्वास घेतला. काही नाही.

पुन्हा लावला. दाबला. आत शकलं पिळली. डोळे ताणून उघडे ठेवले आणि रुमाल जवळजवळ बुबुळाला टेकवला. काही म्हणजे काही नाही. डोळे अगदी ठणठणीत. मायने फसवलं की काय, असं मनात आलं. मी रुमाल मोकळा करून शकलं हातावर घेतली आणि गुडघ्यावर हात ठेवून बसलो, म्हणजे वास तरी नीट वर येईल.

वास वर आला नाही. पंख्याने तो आडवा नेला.

प्रथम स्वराजरावांनी नाक ओढलं. मी बघितलं तर त्यांच्या डाव्या डोळ्यात ठरलेला थेंब होता, पण सम अजून लांब होती. तेही गोंधळलेले दिसले. मग उजव्या डोळ्यातून थेंब आला. मग दोन्हीकडून धारा लागल्या. त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या पलीकडच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या पलीकडे तलाठी बसले होते, वसुलीला गेले की विहिरीतलं पाणी आटतं अशी ज्यांची ख्याती. ते हुंदका दिल्यासारखे हलले आणि त्यांनी मान खाली घातली. कोणीतरी मागून कुजबुजलं, "कसला वास येतोय?" दुसरी म्हणाली, "खाली भजी तळत असतील, गप्प बस." तोपर्यंत पहिली रांग पूर्ण भिजली होती.

 उठावं तर सगळे बघणार. शकलं खिशात घालावीत तर शुभांगीताई समोरून बघत होत्या. मी मूठ आवळली.

प्रतिभाने डोळे उघडले. समोर एक अख्खी रांग तोंडात रुमाल धरून रडत होती. तिच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य मी विसरणार नाही. कॅम्पातल्या शिंप्याची मुलगी, दोन वर्षं शिकलेली, आणि समोर तलाठी रडतोय. तिने खांदे सैल सोडले. एकदा श्वास घेतला. आणि मग ती गायली.

यापुढचं मला सांगता येत नाही, पण सांगायला हवं. ती मध्यमावर थांबली आणि तिथून हळूहळू वर निघाली, घाई न करता. आपल्याच घराचा जिना चढावा तशी. वरचा षड्ज लागला आणि ती तिथेच राहिली. मी पाणी मोजणारा माणूस. पण किती, असा प्रश्नच माझ्या मनात आला नाही. हातातला कांदा आठवेना. हातसुद्धा आठवेना. एवढंच कळलं की या बाईबरोबर मी वीस वर्षं एका घरात राहतोय, हिच्या हातचं जेवतोय, आणि ही कोण आहे हे मला ठाऊक नाही. मला भीती वाटली. खरीखुरी भीती, धरणाच्या भिंतीवरून कधी वाटली नाही अशी. आणि ती भीती संपू नये असंही वाटत होतं.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी घड्याळात बघितलं. पाऊण तास होऊन गेला होता. माझ्या मुठीतून कांद्याचा रस गळून विजारीवर मोठा डाग पडला होता.

डोळे मात्र कोरडेच होते.

स्वराजराव आभार मानायला उठले ते लाल सुजलेल्या डोळ्यांनी. "तीस वर्षं मैफली ऐकतोय," ते म्हणाले, "पण आज जे झालं त्याला उदात्त हा एकच शब्द आहे. मी रडलो नाही, मला रडवलं गेलं!" यातल्या शेवटच्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. तलाठ्यांनी प्रतिभाला वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी स्वराजराव डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन थेंब घेऊन आले आणि तेही कौतुकाने सगळ्यांना दाखवत होते.

प्रतिभा दोन दिवस हवेत होती. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटलं? खरं सांगा. तुमच्या हातात रुमाल होता, मी बघितला."

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. शब्दही पाठ केले होते. पण तिने "खरं सांगा" म्हटलं आणि माझी सवय आडवी आली. मी सगळं सांगितलं. पोकळी, देवळा, माय, बुक्की, पंखा.

ती ऐकत राहिली. घास ताटातच राहिला.

"म्हणजे ती सगळी माणसं कांद्याने रडली," ती म्हणाली.

"हो, पण तू गायलीस ते..."

"स्वराजराव पण?"

"ते थोडेसे आपले आपण रडले असतील. डावा डोळा."

ती हसली नाही. मी घाईघाईने म्हणालो, "अगं पण मला झालं. मला काहीतरी झालं. मी घड्याळ बघितलं नाही. मला भीती वाटली."

"आता तुम्ही काहीही म्हणाल," ती म्हणाली. "एक माणूस खोटं बोलत नव्हता, त्याने पण कांदा नेला."

 जेवण झाल्यावर तिने तानपुऱ्याला गवसणी घातली, नाडी बांधली आणि म्हणाली, "रविवारी ताईंकडे देऊन या. मी जाणार नाही." पुढचे चार दिवस मी घरी आलो की कोपऱ्यात ते गवसणीतलं धूड दिसायचं. घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता. समोरच्या बंगल्यातलं कुत्रं आता सारखं भुंकत होतं.

रविवारी सकाळी दहाला दार वाजलं. दारात माय उभी होती, डोक्यावर कांद्याची लहानशी गोणी. समाधानने तिला एसटीत बसवून दिलं होतं. पाणी प्यायच्याही आधी तिने विचारलं, "रडना का मंग तुना साहेब?"

"कोण साहेब, आत्याबाई?" स्वयंपाकघरातून प्रतिभाने विचारलं.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "साहेब नव्हता, माय. मलाच रडायचं होतं. हिच्या गाण्याला. मला आलंच नाही, बाकीचे सगळे रडले."

माय आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. "तुले? अरे येडा! आहेरना पोरले कधी कांदा लागस का? चालता येत नव्हतं तवयपासून कांदाना ढिगावर लोयना तू. तुना बापले लागना नही, समाधानले लागस नही. आधी सांगतास ते तुले सांगती ना!"

मी बघतच राहिलो. खरंच की. पंचेचाळीस वर्षांत मला कांदा कधी लागलाच नव्हता. पण जे होत नाही ते लक्षात कोण ठेवतं?  स्वयंपाकघरात प्रतिभाच्या सुरीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

माय तिच्यासमोर पाटावर जाऊन बसली. मी तानपुरा उचलला. गवसणीसकट तो खांद्याला लावला, चप्पल घातली आणि मग रिक्षासाठी सुट्टे पैसे मागायला स्वयंपाकघराच्या दारात आलो.

प्रतिभा माझ्याकडे पाठ करून मायने आणलेला कांदा चिरत होती. आणि गुणगुणत होती. तिला स्वतःला ते कळत नव्हतं, मायच्या कुठल्याशा प्रश्नाला मध्येच "हं" म्हणत होती आणि पुन्हा तिथूनच पुढे जात होती. भीमपलास दुपारचा राग, सकाळी साडेदहाला कोणी म्हणत नाही. कढईत तेल तापत होतं. ती मध्यमावर आली आणि सुरी चालू ठेवून, अगदी हलक्या आवाजात, तोच जिना चढायला लागली. तिथे पंखा नव्हता, रांग नव्हती, कोणी ऐकतंय हे तिला ठाऊक नव्हतं. वर पोचली आणि तिने तो सूर धरून ठेवला, कांदा संपेपर्यंत.

हा तानपुरा मी आता खाली घेऊन जाणार होतो.

गालावर काहीतरी ओलं लागलं. मला वाटलं घाम असेल. पुसलं, तर पुन्हा आलं. दोन्हीकडून आलं. हनुवटीवरून शर्टावर पडलं. मला थांबवता येईना आणि थांबवावंसंही वाटेना. मी तसाच उभा राहिलो, खांद्यावर तानपुरा घेऊन.

माय आधी बघायला लागली. मग प्रतिभा वळली. गाणं थांबलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"कांदा लागला," मी म्हणालो.

माय तोंड उघडणार, तेवढ्यात प्रतिभाने सुरीचा हात वर करून तिला थांबवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण ती कॅम्पातली, तिला कांदा लागतो. तिने कोपराने डोळे पुसले.

"तो तानपुरा आधी जागेवर ठेवा," ती म्हणाली. "दाराला आपटून फुटेल."